पहिली पकड वरुणाची

पूर्वी त्रेतायुगाच्या प्रारंभी, जेव्हा पर्वतांना आपण कधी काळी उडत होतो याची आठवण अजून ताजी होती आणि देवही पृथ्वीवर यायला फारसे आढेवेढे घेत नसत, तेव्हा सह्यगिरीच्या पायथ्याशी शतनिर्झर नावाचा एक रम्य प्रदेश होता. तेथे पाषाणापाषाणातून झरे उसळत आणि त्या शंभर झऱ्यांचे पाणी पिऊन पयोदा नदी अशा तोऱ्यात वाहे, की समुद्राने स्वतः उठून तिला सामोरे यावे. तिच्या तीरावरच्या धीवरांची लेकरे चालण्याआधी पोहत आणि, खोटे वाटेल, पण बोलण्याआधी वल्हवत.

हे सारे वैभव एका करारावर उभे होते. जलाधिपती वरुणाने धीवरांच्या मूळपुरुषाला सांगितले होते, "दिवसाची पहिली पकड माझी. जाळ्यात जे प्रथम येईल, ते सूर्यास्तापूर्वी त्याच डोहात जिवंत परत जावे आणि कोणाच्या हाताविना, स्वबळाने पोहत जावे. ते बाहेर असेल तोवर झरे बारीक होत जातील, आणि सूर्यास्तापर्यंत परतले नाही तर शंभरही आटतील." त्या दिवसापासून पहिला मासा सुटत आला होता. त्यात कठीण असे काही नव्हतेच. माशाला पोहता येते.

शफरी ही त्या वस्तीची प्रमुख. नवरा गेल्यावर जाळे, वल्हे आणि वृद्ध सासरा मद्गु या तिन्हींचा भार तिच्यावर आला होता, आणि तिन्हींपैकी सासराच अधिक कुरकुरे. एका प्रभाती तिने डोंगीतून डोहात जाळे फेकले, नेमक्या त्याच क्षणी डोहाच्या मध्यावरच्या काळ्या खडकावरून एक शिंक ऐकू आली.

त्या खडकावर महातपस्वी स्थाणुव्रत मुनी एका पायावर उभे होते. जलावर पावलांनी चालण्याची सिद्धी मिळावी म्हणून त्यांनी बारा वर्षांचे व्रत घेतले होते आणि त्याला एकच दिवस उणा होता. खडकापर्यंत त्यांना शफरीनेच डोंगीतून नेले होते. दोन्ही कडा घट्ट धरून, डोळे मिटून ते गेले होते, हे ती विसरली नव्हती. त्या प्रभाती एका खंड्याने त्यांच्या नाकावर बसून पंख झाडले. पुढचे सांगायला नकोच. इंद्राच्या अप्सरांना जे साधले नसते ते एका शिंकेने साधले. मुनिवर जाळ्यात कोसळले.

शफरीने डोंगी काठाला लावून जाळे ओढले. शेवाळ, जटा, चार खेकडे आणि त्यांच्यामध्ये खोकणारे एक तपोनिधी.

"पहिली पकड!" काठावरून मद्गु ओरडला आणि लगेच त्याचा चेहरा उतरला. "सूनबाई, हा तर परत सोडायचा."

"मामंजी, यांना पोहता येत नाही."

"नियम तो नियम. सोड."

"जिवंत परत जायला हवं. बुडवलेल्याला परत सोडला म्हणता येईल का?"

मुनींनी एव्हाना श्वास सावरला होता. "हे धीवरांगने! ज्याच्या भ्रुकुटीने दिक्पाल कंप पावतात, त्याला तू माशासारखे सोडणार? मी गुडघाभर पाण्यात बसतो. चालेल?"

"नाही महाराज. जिथून काढलं तिथेच, आणि पोहतच."

"तर मग ऐक! हा मी तुला शाप देतो!" असे गर्जून त्यांनी शापोदकासाठी कमंडलूकडे हात नेला, पण कमंडलू डोहाच्या तळाशी होता. तेव्हा ते तडक जवळच्या झऱ्याकडे गेले आणि ओंजळ धरून उभे राहिले. झऱ्याची धार केसासारखी बारीक झाली होती. ओंजळ भरेना. मुनी थांबले. खालच्या अंगाला रिकामे घट घेतलेल्या बायका उभ्या होत्या आणि उघड्या पडलेल्या वाळूत मासळी तडफडत होती.

"हे माझ्यामुळे?" त्यांनी हळूच विचारले.

"दिवसभर असंच बारीक होत जाईल. मावळतीला संपेल."

"पोहायला शिकण्यास काळ किती लागतो?"

"आमच्याकडे एक उन्हाळा."

मुनींनी सूर्याकडे पाहिले. मग वल्कल कमरेला खोचले. "चल, मुली."

शफरीने त्यांच्या पाठीला दोन सुके भोपळे बांधले. नंतर जे घडले त्याला युद्ध म्हणावे की स्नान, हे ठरवणे अवघड. हातपाय असे चालत, की देवासुरांनी मिळून समुद्र घुसळला त्यापेक्षा येथे फेस अधिक झाला. "पाण्याशी भांडू नका, महाराज!" ती पुन्हा पुन्हा सांगे. तिसऱ्या प्रहरी दमून ती म्हणाली, "बारा वर्षं केलंत काय तुम्ही?"

"श्वास रोखून निश्चल राहिलो."

शफरीचे डोळे चमकले. "मग तेच करा! श्वास भरा, रोखा आणि आडवे व्हा."

मुनींनी कुंभक केला आणि कमलपत्रासारखे तरंगले. त्यांना आकाश दिसले. वर्षानुवर्षे मिटलेल्या डोळ्यांनी त्यांनी ते किती वेळ पाहिले, कोण जाणे.

"नुसतं तरंगून भागायचं नाही," शफरी कळवळून म्हणाली, "पाय हलवा!"

सूर्य डोंगराला टेकला. भोपळे सोडायलाच हवे होते. शफरीने गाठीला हात घातला. "भीती वाटते?" तिने विचारले.

"फार," मुनी म्हणाले. "सोड."

ते बुडाले. चार बुडबुडे वर आले, मग तेही थांबले. शफरी उडी घेणार, तोच मद्गुने तिचा दंड धरला. "हात लावशील तर सारं जाईल, पोरी." तेवढ्यात जटाभार वर आला आणि त्याखाली मुनी, ओल्या कुत्र्यासारखे धडपडत, पण पोहत, पैलतीराला लागले.

त्याच क्षणी शंभर झरे गर्जना करून उसळले. मकरावर आरूढ वरुण प्रकटला. "मुनिश्रेष्ठा, व्रत एका दिवसाने अपुरे राहिले, तरी मी प्रसन्न आहे. जलावर चालण्याची सिद्धी घे."

"भगवन्, वरवर चालून काय करू?" मुनी दात वाजवत हसले. "पाण्याला मी आज कुठे भेटलो. मला या डोहातच राहू दे. आणि जो भोपळा बांधून येथे उतरेल, त्याला भीती वाटली तरी ती एकट्याला वाटू नये."

"तथास्तु," वरुण म्हणाला.

म्हणूनच शतनिर्झरात आजही पहिली पकड सुटते, आणि पोहणे शिकणाऱ्याला, मग तो कितीही लहान असो, 'मुनी' म्हणतात. त्या डोहातून अहोरात्र बुडबुडे वर येत असतात. मात्र कोणाच्या पाठीवरचा भोपळा प्रथमच सुटतो, तेव्हा ते क्षणभर थांबतात. खाली तो म्हातारा तपस्वी श्वास रोखून पाहत असतो.