दोन गाठींची पिशवी

"पाप फिटायला अजून किती पिशव्या शिवू, माय?"

रेणामाय ओटीवर बसून गहू निवडत होती. सुपातला एक खडा तिनं चिमटीत धरला, उजेडाकडे करून पाहिला आणि बाजूला ठेवला.

"आजवर किती झाल्या?"

"चारशे चाळीस."

"बरं."

एवढं बोलून ती पुन्हा सुपात पाहू लागली.

शालनला वाटलं होतं, आकडा ऐकून माय निदान मान तरी वर करील. चारशे चाळीस काही थोड्या नव्हत्या. दिवसभर गिऱ्हाइकांचे ब्लाउज शिवून झाले, की ती जुन्या साड्या, चादरी, पडदे घेऊन बसायची. पाठ मोडून यायची. पैसा कुणाकडूनही घेतला नव्हता.

नदीपलीकडच्या त्या लहानशा मठात रेणामाय एकटीच राहायची. वयाची ऐंशी कधीच उलटलेली. रोज सकाळी खांद्याला झोळी अडकवून पूल ओलांडायची, गावात पाच घरी माधुकरी मागायची आणि तेवढ्यावर दिवस काढायची. तिनं कधी प्रवचन केलं नाही, कुणाच्या डोक्यावर हात ठेवला नाही. तरी गावात कुणाचं काही अडलं, की ते माणूस आपोआप पुलाकडे वळायचं. मठाच्या अंगणात एक चिंच होती आणि चिंचेखाली एक गाय.

"तुम्हाला ठाऊकच आहे सगळं," शालन म्हणाली.

"गावानं सांगितलेलं ठाऊक आहे. तू सांग."

...

शालननं पदर सावरला.

अकरा वर्षं तिनं गोग्रास चुकवला नव्हता. सासूनं मरताना सांगितलं होतं, "पहिली पोळी गाईची, विसरू नकोस." ती विसरली नाही. तव्यावरची पहिली पोळी, आदल्या दिवसाचा भात, भाजीची देठं, असं सगळं ती एका कॅरीबॅगमध्ये भरायची आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशी ठेवून यायची. गावातल्या मोकाट गाई तिथं येत. कुत्र्यांनी विस्कटू नये, कावळ्यांनी पांगवू नये, म्हणून पिशवीचं तोंड घट्ट बांधायची. एकावर एक दोन गाठी. शिलाईकाम करणाऱ्या बाईची गाठ ती, सहजी सुटायची नाही.

मग गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भाजीबाजारामागे एक गाय मरून पडली. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी ते चिरलं आणि म्हणाले, "या, बघा सगळ्यांनी, आपण काय खाऊ घालतो ते." शालन बाजारातच होती. तीही गेली. पोटातून पिशव्यांचा एक गठ्ठा निघाला, गादीएवढा. कुजलेला, एकमेकांत गुंतलेला. त्यात एक जांभळी पिशवी होती, साडीच्या दुकानातली. तिचं तोंड अजून बांधलेलंच होतं.

"गाठ माझी होती, माय," शालन म्हणाली. "एकावर एक, दोन. मी माझी गाठ ओळखते."

मायनं सुपातला आणखी एक खडा बाजूला ठेवला.

"आत पोळी होती... तशीच. तिला ती मिळालीसुद्धा नाही."

चिंचेखाली गाईच्या गळ्यातली घंटा वाजली आणि थांबली.

...

"त्या दिवशी घरातल्या सगळ्या कॅरीबॅगा काढल्या मी," शालन पुढे म्हणाली. आता तिचा आवाज सावरला होता. "गादीखाली घड्या घालून ठेवलेल्यासुद्धा. पुन्हा एक घरात येऊ दिली नाही. दूध आणायला किटली, दह्याला डबा, भाजीला पिशवी. गल्लीत घरोघरी शिवून दिल्या. आठवड्याच्या बाजारात मी वेशीपाशी उभी राहते. कुणाच्या हातात दिसली, की काढून घेते."

"हो, ऐकलं. सावळे गुरुजींची काढून घेतलीस म्हणे."

"घेतली."

"मग त्यांनी टोमॅटो हेल्मेटमधून नेले."

"नेले. डोकं उघडं ठेवून गाडीवरनं गेले."

"त्यांच्या बायकोनं सांगितलं. म्हणाली, चार दिवस डोक्याला आंबूस वास येत होता." माय गालात हसली. "गंमत बघ. पूर्वी मी दारात उभी राहिले, की आतून बांधलेली पिशवी यायची. घे माय, जा माय. आता भांडं शोधावं लागतं त्यांना. तोवर मी उभी, त्याही उभ्या. कुणी विचारतं, गुडघा कसा आहे? परवा एकीनं आमटी वाढताना माझ्या पायावर सांडली. किती वेळ पुसत बसली बिचारी."

शालनला हे ऐकून बरं वाटलं. आपल्यामुळेच हे झालं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"म्हणजे चांगलंच झालं ना, माय?"

"पाय भाजला माझा," माय म्हणाली.

...

"मग तुझं दुखतंय कुठं?"

शालननं खाली पाहिलं. अंगणात मुंग्यांची रांग चालली होती.

"झोप नाही. जेवताना पहिला घास उचलला, की ती जांभळी पिशवी डोळ्यांपुढे येते. इतकं केलं, तरी हलत नाही तिथून. वाटलं, तुम्ही काही प्रायश्चित्त सांगाल. हजार पिशव्या म्हणालात, तर हजार शिवीन."

"आणि घरी?"

"घरी काय?"

"घरी कोण कोण असतं आता?"

मायला कळलंच असणार. लहान गाव, त्यात पाच घरची माधुकरी.

"आम्ही दोघं आणि मुलगा. सून माहेरी गेलीय. प्रांजल. महिना होईल आता."

"कशासाठी?"

"दह्यावरनं."

रेणामायनं सूप खाली ठेवलं.

"दवाखान्यात कामाला आहे ती. कामावरनं येताना दही घेऊन आली. पातळ पिशवीत, वर रबर लावलेलं. माझ्या दारात त्या वेळी सात-आठ बायका बसलेल्या, पिशव्या न्यायला आलेल्या. आणि माझीच सून कॅरीबॅग घेऊन उंबऱ्यात उभी. मी ओढून घेतली. ती फुटली. दही तिच्या पायांवर सांडलं."

"मग?"

"मी बोलले..."

"काय बोललीस?"

शालनच्या ओठांवर ते शब्द पुन्हा यायला तयार होईनात. तिनं ते तोंडातल्या तोंडात म्हटले.

"या हातांनी आणखी एखादी गाय मारशील, म्हणाले."

...

"तिनं पाय धुतले, कपड्यांची पिशवी भरली, गेली. मुलगा जेवायला बसतो, पण ताटाकडे बघून जेवतो. माझ्याकडे बघत नाही." शालननं मान ताठ केली. "मी तरी खोटं काय बोलले? नियम सगळ्यांना एकच. तिला यायचं असेल, तर तिकडून रोज दोन बस सुटतात. मी कुठं नको म्हणतेय?"

माय तिच्याकडे बघत राहिली. मग एकदम वेगळंच विचारलं.

"आज गोग्रास घातलास?"

"घातला की. प्लॅस्टिक सोडलं, गोग्रास नाही सोडला. येताना इकडेच घेऊन आले." शालननं चिंचेलगतच्या गोठ्याच्या फाटकाकडे बोट दाखवलं. खुंटीला एक कापडी पिशवी लटकत होती. पिवळ्या चादरीची, दुहेरी शिवणीची, बंदही जाड. "अडकवून ठेवलीय. मागाहून कुणी घालील."

माय खुंटीकडे बघत होती. शालननंही पाहिलं. गाय दाव्याला ताण देऊन, मान लांब करून पिशवीचा वास घेत होती. दावं वीतभर कमी पडत होतं.

"इथं दुसरं कोण आहे घालायला?" माय हळूच म्हणाली. "मी, आणि माझा गुडघा."

"माझ्या लक्षात नाही आलं..."

"जा. हातानं घाल. एकेक तुकडा. संपेपर्यंत तिथंच थांब."

...

शालन उठली. तिनं पिशवी काढली, पोळीचा तुकडा मोडून पुढे केला. गाईनं जीभ बाहेर काढली. शालननं हात झटकन मागे घेतला.

ओटीवरून हसण्याचा आवाज आला. "चावत नाही ती."

शालननं पुन्हा हात पुढे केला. जीभ तळहातावरून फिरली. ओली, गरम आणि किसणीसारखी खरखरीत. अकरा वर्षं गोग्रास घातला, पण गाईची जीभ अशी असते, हे तिला आजवर कळलं नव्हतं. ती ते हसून मायला सांगणार होती. पण सांगितलं नाही.

सहा पोळ्या होत्या. संपायला वेळ लागला. गाय घाई करत नव्हती. मध्येच चघळणं थांबवून ती शालनकडे बघायची आणि पुन्हा चघळायची. कोपऱ्यावरच्या खांबापाशी शालन कधी एवढा वेळ थांबली नव्हती. पिशवी टेकवायची, हात जोडायचे आणि मागे फिरायचं. घरी गिऱ्हाइकं खोळंबलेली असायची.

ती हात धुऊन ओटीवर आली. मायनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं.

"कशी आहे?"

"कोण?"

"गाय."

"तांबडी," शालन म्हणाली. "कपाळावर पांढरा ठिपका आहे, गोल नाही, जरा लांबट. डाव्या कानाला चीर पडलीय. उजव्या डोळ्याच्या पापण्या पांढऱ्या झाल्यात." बोलताना तिचं तिलाच नवल वाटत होतं. "म्हातारी झाली का हो ती?"

"माझ्यासारखीच." मायनं मूठभर गहू बाजूला सारले. "आणि ती?"

"ती कोण?"

"बाजारामागची. ती कशी होती?"

शालननं तोंड उघडलं.

जांभळी पिशवी डोळ्यांपुढे आली. तिच्यावरची सोनेरी अक्षरं आली. गाठी आल्या, एकावर एक, दोन. डॉक्टरांच्या हातातले रबरी मोजे आले. फुगलेलं पोट आलं. पण पोट कुठल्या रंगाचं होतं... ती काळी होती की पांढरी? शिंगं होती का तिला? अकरा वर्षं खांबापाशी येणाऱ्या गाईंमधली ती कुठली?

"पांढरी असावी," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही... भुरकट होती बहुतेक."

मायनं मान वर केली.

"आठवत नाही, माय."

वारा आला. चिंचेची बारीक पानं सुपात पडली. मायनं ती एकेक करून वेचली.

"गावात कुणाला तरी ठाऊक असेल," शालन घाईनं म्हणाली. "मी विचारते. डॉक्टरांना विचारते. कुणाची होती, कशी होती..."

"विचार. कुणी सांगेलही."

"पण मी..."

"तू बघायची राहिलीस."

शालनच्या डोळ्यांना धार लागली. इतके महिने ती रडली होती, पण ते रडणं स्वतःच्या पापासाठी होतं, हे तिला आता जाणवत होतं. त्या जनावरासाठी आज पहिल्यांदा रडू आलं, आणि रडायला समोर त्या जनावराचं रूपच नव्हतं.

रेणामायनं तिला रडू दिलं.

...

बऱ्याच वेळानं मायनं विचारलं, "दह्याची पिशवी प्रांजलच्या कुठल्या हातात होती?"

"उजव्या." उत्तर लगेच आलं. "पांढरी पिशवी. लाल रबर."

"आणि डाव्या हातात?"

शालन आठवू लागली. उंबरा आठवला. बायका आठवल्या, त्यांतली कोण कुठं बसली होती, तेही आठवलं. फरशीवरचं दही आठवलं. प्रांजलचा डावा हात काही आठवेना. दारात उभी होती, की दाराला टेकली होती? चेहरा दमलेला होता, की ती काही सांगायला आली होती? प्रांजलला दही आवडत नाही, हे शालनला ठाऊक होतं. मग कुणासाठी आणलं होतं तिनं?

त्या आठवड्यात शालनचंच तोंड आलं होतं. तिखट जात नव्हतं. ताक-भातावर दिवस काढत होती ती.

शालनचा हात पदराकडे गेला आणि तिथंच राहिला.

"माय... आता काय करू मी?"

रेणामायनं सूप उचललं, दोनदा पाखडलं. कोंडा उडून अंगणात गेला.

"काय गं शालन," ती म्हणाली, "इकडून तिकडे जाणारी बस किती वाजता असते?"