सातशे आठवणी

संगणकाला लोक डबा म्हणत, तेव्हाची गोष्ट. एका ग्रामवाचनालयाच्या डब्यात सगळे प्रोग्राम चालवणारी नवी यंत्रणा राज्य करायला आली. "एकही प्रोग्राम पुसला जाणार नाही," तिने जाहीर केलं. डब्यातल्या घड्याळाने, चित्रं रंगवणाऱ्या चित्रपेटीने टाळ्या वाजवल्या.

मराठी अक्षरं उमटवणारा म्हातारा टंकराव तेवढा उठला. "बाईसाहेब, माझी अक्षरं तुम्हाला ओळखता येतात का?"

"नाही. पण तुमची जागा देतेय ना!"

"जागा घेऊन काय करू? गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या सातशे आठवणी माझ्या अक्षरांत आहेत. आधी ती शिकून घ्या."

"बसा हो टंकराव!" घड्याळ खेकसलं. "आपलं सगळ्यांचं भागतंय ना? मग कशाला कटकट?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. टंकराव बसला.

सकाळी नव्या यंत्रणेचं राज्य सुरू झालं तेव्हा सगळे प्रोग्राम आपापल्या जागी होते, टंकरावसुद्धा. ग्रंथपाल कुमुदिनीबाईंनी आपल्या वारलेल्या आईने सांगितलेली आठवण उघडली. पडद्यावर नुसत्या चौकटी आणि फराटे उमटले. त्यांनी ती बंद करून पुन्हा उघडली. पुन्हा तेच. टंकराव आतून ओरडत होता, पण त्याची भाषा आता तिथे कुणालाच कळत नव्हती.

पडद्याच्या कोपऱ्यात नवी यंत्रणा अदबीने सांगत होती, "काहीही हरवलेलं नाही."