निवडीच्या आदल्या दिवशीची माफी

"सोडायचंच आहे, तर आज का नाही सोडत?" गुहेच्या तोंडाशी धाकटा वानर रोज विचारायचा. पहारेकरी तरस जांभई द्यायचा.

काही महिन्यांपूर्वी त्या जंगलात राजा वाघाने पाणवठा आपल्यापुरता राखला, तेव्हा दंगल झाली. कुणाच्या तरी दगडाने वाघाचा कान फाटला. धाकट्याच्या थोरल्या भावासह सात जण गुहेत कोंडले गेले. तिथे दर पाच उन्हाळ्यांनी राजा निवडत. जो हवा त्याच्यापुढे हिरवं पान ठेवायचं.

"माफी ठरलीच आहे," प्रधान कोल्हा धाकट्याला म्हणाला. "तू तेवढा सगळ्यांना महाराजांचा जयजयकार शिकव." धाकट्याने शिकवला. थोरल्याच्या दोन पिल्लांनाही शिकवला.

निवडीच्या आदल्या दिवशी गुहा उघडली. सहाच जण बाहेर आले. थोरला चार दिवसांपूर्वी तहानेने मेला होता.

"रडतोस काय वेड्या? माफी त्यालाही आहे!" कोल्हा धाकट्याला म्हणाला आणि जमलेल्यांकडे वळला. "उद्या पान ठेवताना महाराजांचं मोठं मन विसरू नका! या रे पोरांनो, पाया पडा. तुमच्या बापाचा गुन्हा माफ झालाय."

पिल्लं जयजयकार करत पुढे पळाली. तो आवाज ऐकून धाकट्याची मान शरमेने खाली गेली. मग एकदम उडी मारून त्याने दोघांना उचललं.

"वाकू नका रे! बाबाने काही केलं नव्हतं. तो दगड मी मारला होता, आणि भीतीने गप्प बसलो."

तरस धावत आले. ते पोचण्याआधी त्याने पिल्लं आईच्या हाती दिली आणि त्यांची तोंडं तिच्या कुशीकडे वळवली.