मानाची गाडी

उंबरदऱ्याच्या घाटाखाली एक गाव होतं आणि त्या गावात जानराव नावाचे एक देशमुख होते. घाट मोठा खोडसाळ. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नुसती दरी. एकदा एक गाडी बैलांसकट त्या दरीत गेली, तेव्हापासून गावाने नियम केला. घाट उतरण्याआधी माथ्यावर प्रत्येक गाडी थांबवायची. भिवा सुताराने चाकं ठोकून बघायची, चाक धरून ठेवणाऱ्या आसाच्या खिळी हलवून बघायच्या आणि मगच गाडी खाली सोडायची.

प्रत्येक गाडी म्हणजे देशमुखांची सोडून! मानाच्या चाकाला हातोडी लावणं म्हणजे देशमुखांच्या पायात पाय घालणं, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे देशमुखांच्या जावयाची गाडी सुटली, मेहुण्याचीही सुटली. थांबायचं कुणी, तर कडबेवाल्यांनी आणि कुंभारांनी. ज्याची गाडी थांबते तो हलका माणूस, असंच लोकांना वाटायला लागलं. आता काय म्हणावं या अकलेला!

जानरावांच्या मुलाचं लग्न घाटावरच्या गावात झालं. वरात परत निघाली. पुढच्या गाडीत नवरा-नवरी. मागच्या गाडीत स्वतः जानराव, त्यांच्याजवळ नवरीची पाठराखीण म्हणून आलेली तिची पाच वर्षांची धाकटी बहीण आणि वऱ्हाडातली चार-दोन पोरं. घरभरणीचा मुहूर्त दिवेलागणीचा होता, म्हणून सगळ्यांची घाई.

घाटमाथ्यावर भिवा नेहमीसारखा बाजूला सरला. हात जोडून म्हणाला, "जाऊ द्या, मानाची गाडी आहे."

नवरीचं नाव मथुरा. तिने खाली दरीत पाहिलं आणि गाडीवानाला म्हणाली, "थांबवा." गाडी थांबताच तिने शालू खोचला, खाली उडी मारली आणि सरळ बैलांपुढे जाऊन उभी राहिली.

"सूनबाई, हे काय?" जानराव मागून ओरडले.

"मामंजी, दोन्ही गाड्या तपासल्याशिवाय घाट उतरायचा नाही."

"आमच्या गाड्या तपासत नाहीत! आम्हाला सूट आहे."

"सूट गावाने दिली. दरीने दिलीय का?"

वऱ्हाडी मंडळींनी तोंडात बोटं घातली. अंगाची हळदही उतरली नाही आणि ही सासऱ्याला उलट बोलते! जानराव संतापाने लाल झाले. "मुहूर्त टळला तर याद राख. याच पावली माहेरी पाठवीन!"

"पाठवा की," मथुरा म्हणाली. "पण पाठवाल तीही गाडी तपासूनच पाठवा."

नवरदेव मुंडावळ्या सावरत सगळं ऐकत होता. तो मुकाट्याने खाली उतरला आणि बैलांची वेसण धरून बायकोशेजारी उभा राहिला. आता पंचाईत झाली. पोटच्या पोराला काय तुडवणार?

"बघ रे भिवा," जानराव दात ओठ खात म्हणाले. "एकदाची हिची हौस फिटू दे."

भिवाने पुढच्या गाडीची चाकं ठोकली, खिळी हलवून पाहिल्या. गाडी ठणठणीत होती.

जानराव गडगडून हसले. "निघालं काही? उगाच सगळ्यांचा खोळंबा केलास!"

मथुरेची मान खाली गेली नाही. "बरं झालं. गाडी चांगली आहे, हे आता ठाऊक झालं. मघाशी नुसतंच वाटत होतं." एवढं बोलून ती मागच्या गाडीपुढे जाऊन उभी राहिली. तिथे तिची बहीण बसली होती ना!

भिवा वाकला. त्याने उजव्या चाकाची खीळ चिमटीत धरून जरा हलवली, तर अर्धी खीळ तुटून त्याच्या हातात आली. कित्येक वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. गंजाने ती पार खाल्ली होती. पहिल्या वळणावरच चाक निखळलं असतं.

वऱ्हाडी वाकून वाकून ती खीळ बघू लागले. गाडीतली पोरं मात्र खिदळत होती, त्यांना काय कळतंय! जानराव त्या पोरांकडे बघत राहिले. मग हळूच खाली उतरले, पाठराखिणीला कडेवर घेतलं आणि म्हणाले, "भिवा, नवी खीळ घाल. आमचा मान गेला चुलीत."

वरात घरी पोचली तेव्हा मुहूर्त केव्हाच टळून गेला होता. सासूबाई भाकरतुकडा घेऊन दारात ताटकळल्या होत्या. "इतका उशीर? कुणी अडवलं तुम्हाला?" त्यांनी रागाने विचारलं.

जानराव म्हणाले, "आपल्या सुनेने. आधी तिची दृष्ट काढ."

तात्पर्य: नियमातून सूट मिळाली म्हणून संकटातून सूट मिळत नाही, म्हणून जिथे जिवाशी गाठ आहे, तिथे मोठ्यांच्या मानालाही बेधडक आडवं जावं.