दर्भाचा कावळा

“त्याचं काय राहिलं होतं?”

एकदा एका तरुणाने नदीच्या घाटावर हा प्रश्न विचारला आणि त्याला उत्तर देणारं कुणी भेटलं नाही. त्याचं नाव महिपती. पाण्याच्या मोटारी आणि पंखे दुरुस्त करणारा त्याचा थोरला भाऊ बत्तिसाव्या वर्षी विजेचा धक्का लागून गेला. दहाव्या दिवशी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. मृताची काही इच्छा मागे राहिली असेल, तर असं होतं म्हणतात. नातलग हात जोडून एकेक इच्छा बोलून पाहू लागले. “आईला सांभाळू रे.” “तुझ्या बायकोला अंतर देणार नाही.” झाडावर कावळे होते, पण एकही खाली उतरला नाही. ऊन चढलं तसा भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि विधी पुरा केला. सगळे परतले. महिपती झाडाकडे बघत तिथेच उभा राहिला.

महिपती सातवीत शाळा सोडलेला, दादाच्या दुकानात त्याच्या हाताखाली काम शिकणारा, मनात आलं की करून मोकळा होणारा. त्याच आठवड्यात त्याने मोबाइलमधल्या बोलक्या यंत्राला दादाविषयी सारं सांगितलं आणि तोच प्रश्न विचारला. यंत्राने फार मायेने उत्तर दिलं, ‘तुमचं शिक्षण अपुरं राहिलं याची त्यांना खंत असावी. तुम्ही पुन्हा शिकावं, अशीच त्यांची इच्छा असेल.’

‘असावी’ आणि ‘असेल’ हे शब्द महिपतीच्या कानात शिरलेच नाहीत. दुकान बंद करायचं, सामान भंगारवाल्याला देऊन टाकायचं आणि शिकायला जायचं, हे त्याने तिथल्या तिथे ठरवलं. घर त्या दुकानावरच चालत होतं. वहिनी एवढंच म्हणाली, “भावजी, चार दिवस थांबा.”

“दादाचा शब्द आहे, वहिनी.”



तालुक्याच्या वाचनालयात एक वृद्ध गुरुजी दर रविवारी कॉलेजच्या मुलांना कृत्रिम बुद्धिमत्ता कशी चालते ते समजावून देत. अकरा मुलंमुली येत. खोलीतला पंखा दोन महिन्यांपूर्वी दुरुस्तीला गेला होता, म्हणून सगळे वह्यांनी वारा घेत बसलेले. महिपती दारातूनच म्हणाला, “गुरुजी, मला इथं बसायचंय. दादाने सांगितलंय.”

“दादा कुठे आहेत?”

“गेला. घाटावर कुणालाच त्याची इच्छा सांगता येईना. शेवटी दर्भाचा कावळा लावला. पण याने बरोबर सांगितलं.” त्याने मोबाइल पुढे केला.

गुरुजींनी उत्तर दोनदा वाचलं. मग ते फळ्याकडे वळले आणि त्यांनी लिहिलं, ‘मोठा भाऊ अकाली गेला. धाकट्याची शाळा अर्धवट सुटली आहे. मोठ्याची राहिलेली इच्छा म्हणजे ______.’

“गाळलेली जागा भरा. शेजाऱ्याच्या कागदात बघायचं नाही.”

“गुरुजी, पाचवीचा पेपर आहे का?” एक मुलगी म्हणाली.

“पाचवीचाच. भर.”

महिपतीचं डोकं भडकलं. “माझ्या भावाची परीक्षा मांडलीय का इथं?” पण गुरुजींनी त्याला हाताने बसायची खूण केली, आणि गोळा झालेल्या चिठ्ठ्या त्याच्याच ओंजळीत ठेवल्या. तो एकेक अक्षर लावीत वाचू लागला. दोन चिठ्ठ्यांवर होतं, ‘आईला सांभाळावे.’ उरलेल्या नऊ चिठ्ठ्यांवर होतं, ‘धाकट्याने शिकावे.’

“यांनी तर दादाला कधी बघितलंही नाही,” तो हळू म्हणाला.

“त्या यंत्राने बघितलं होतं?”

महिपतीने चिठ्ठ्या बाकावर ठेवल्या. गुरुजी त्याच्याशेजारी बाकावर बसले.

“यंत्राने तुला फसवलं नाही, बाळा. माणसांनी लिहिलेलं त्याने अपार वाचलेलं असतं. अशा ठिकाणी पुढे बहुधा काय येतं, ते त्याला कळतं. मोकळी जागा दिसली की ते ती भरतं. हजार घरांतल्या हजार दादांची इच्छा त्याने तुला सांगितली. तुझ्या एका दादाची त्यात असेल किंवा नसेलही.”

“मग ते वापरायचंच नाही का?” मघाच्या मुलीने विचारलं.

“वापरायचं की. उद्या तुमच्या नोकरीत, औषधपाण्यात, सगळीकडे ते असणारच आहे. दर्भाचा कावळाही लागतोच ना? पण भटजींनी तो पिंडाला लावला आणि खाली ठेवला. तो उडून झाडावर बसेल म्हणून ते वर बघत राहिले नाहीत. आपण तो कशाचा केला आहे, हे त्यांना ठाऊक होतं.” मग ते महिपतीकडे वळले. “तुला शिकायचं असेल तर जरूर ये. पण ‘मला शिकायचंय’ म्हणून ये. दादाची जागा मोकळी आहे, ती मोकळी राहू दे. तिथे त्याच्या नावाने काही लिहू नकोस.”

त्या दिवशी महिपतीने भंगारवाल्याला निरोप पाठवला नाही. घरी जाऊन त्याने दुकान उघडलं. दादाच्या टेबलावर एक पंखा खोललेला पडला होता. त्याच्या अर्ध्या खोबणींत तांब्याची तार भरलेली होती, अर्ध्या रिकाम्या होत्या. बाजूला चिठ्ठी लावलेली होती, ‘वाचनालय.’

पुढच्या रविवारी तो पंखा घेऊन वर्गात आला. त्याने तो लगेच टांगला नाही. झाकण काढून टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.

“वारा खायच्या आधी आत काय आहे ते बघून घ्या.” त्याने तारेच्या एका सांध्यावर बोट ठेवलं. “इथपर्यंत दादाचे वेढे. इथून पुढचे माझे.”

“तुझे जरा वाकडे दिसतात,” ती मुलगी म्हणाली.

“दिसणारच. मला शिकवायचं त्याचं अर्ध्यावर राहिलं.”

सगळ्यांचं बघून झाल्यावर त्याने झाकण बसवलं, स्टुलावर चढून पंखा टांगला, आणि दादाने त्यांच्यासाठी हाती घेतलेल्या कामाचा शेवटचा स्क्रू आवळला.