घुंगराची चाळण

मुंग्या धान्य चाळून साठवायच्या तेव्हाची गोष्ट. सुतारपक्ष्याने वारुळाच्या मुकादमिणीला खडे खाली पाडणारी नवी चाळण दिली. तिला घुंगरू बांधलं होतं.

“प्रयोग चालू आहे, बाई. पुढच्या हंगामात भोकं बदलेन. विसरायला नको म्हणून हे वाजत राहील.”

चाळण झकास चालली, पण घुंगरू मुकादमिणीचं डोकं उठवायचं. तिने त्यात कापूस कोंबला आणि जुन्या चाळण्या चुलीत घातल्या.

पुढच्या हंगामात सुतारपक्ष्याने ठरल्याप्रमाणे भोकं बदलली. आता धान्य खाली पडू लागलं. मुंग्यांनी सवयीने खालचं फेकलं, वरचं साठवलं. ऐन पावसाळ्यात कोठारात नुसते खडे निघाले.

“आधी सांगायचं नाही का?” मुकादमीण उखडली. सुतारपक्ष्याने घुंगरातला कापूस काढून तिच्यापुढे ठेवला.

घुंगरू का वाजलं नाही, याची चौकशी अजून चालू आहे. चौकशी मुकादमीणच करते आहे.