पेरूच्या झाडावरची चांदीची वाटी

डोंगराच्या पोटाशी इवलेवाडी नावाचं एवढंसं गाव होतं. त्या गावात एक एवढंसं घर, आणि घरात जिकडेतिकडे भोवरेच भोवरे! लाल, पोपटी, हळदीसारखे पिवळे, जांभळे, पाठीवर गोल गोल रेघा ओढलेले. फळीवर भोवरे, खाटेखाली भोवरे, पिठाच्या डब्यातसुद्धा बोराएवढा एक चुकार भोवरा. ते बनवायचे बकुळीचे बाबा. त्यांचा भोवरा एकदा फिरायला लागला की आईचा चहा उकळून व्हायचा, तरी हा पठ्ठ्या थांबायचा नाही.

पण घेणार कोण? जत्रेतली पोरं लुकलुकणाऱ्या खेळण्यांकडे धावायची. शेवटी बाबांनी शहरातल्या एका इमारतीत राखणदाराची नोकरी धरली. सोमवारी सकाळी सहाच्या एसटीनं निघायचं ठरलं. आईनं ट्रंक पुसून ठेवली, आणि बकुळी त्या ट्रंकेवरच ठाण मांडून बसली.

"बाबा, तुम्ही तिकडं लोकांच्या दारात उभे राहणार, मग आपल्या दारात कोण?"

"तू आहेस की, बकू," बाबा म्हणाले आणि उगाचच छपराकडे बघू लागले.

घरात काच तडकलेला एक मोबाईल होता. त्याला रेंज यायची फक्त परसबागेतल्या पेरूच्या झाडावर, तिसऱ्या फांदीला. तिथं बसून बकुळी 'हातांची जादू' नावाच्या ग्रुपवर फोटो टाकायची. ग्रुपमध्ये चारशे कारागीर. बकुळीनं लिहावं, "आमचे भोवरे घ्या हो!" की लगेच खाली, "आमच्या टोपल्या घ्या!" त्याच्याखाली, "आमच्या बाहुल्या घ्या!" सगळे विकणारे, घेणारा औषधालाही नाही. आणि मधूनमधून नाना धामणकरांचे गुलाब. पहाटे पाच वाजून पाच मिनिटांनी शुभ सकाळचा गुलाब, दुपारी गुलाब, संध्याकाळी गुलाब. कुणाचा पाय मोडल्याची बातमी आली, तर तिच्याखालीही गुलाबच!

शुक्रवारी संध्याकाळी फांदीवर बसल्या बसल्या बकुळीला रडू फुटलं. एक थेंब टपकन पेरूच्या पांढऱ्या फुलात पडला.

"आक् छी!" फूल शिंकलं.

फुलातून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. पाकळ्यांचा झगा, केसांत रुपेरी परागांची चमचम, आणि चेहरा अगदी वैतागलेला.

"आधीच झोप नाही, त्यात आंघोळ!" ती म्हणाली. "तुमचा सगळा ग्रुप माझ्या कानावरून जातो गं, बाळ. चारशे जण ओरडतात आणि ऐकणारं एक नाही. तू का रडतेस?"

बकुळीनं सगळं सांगितलं. परी विरघळली. तिनं एक चिमुकली चांदीची वाटी पुढे धरली. वाटीत तीन दाणे लखलखत होते.

"या तुझ्या तीन इच्छा. पण नियम आहेत हं. पहिला, स्वतःसाठी मागायचं नाही."

"मग काय उपयोग?" बकुळी म्हणाली. खोटं कशाला बोला, कुणीही हेच म्हटलं असतं.

"दुसरा, वाटी रिकामी परत करायची नाही. शेजारणीची वाटी परत देताना आई साखर तरी घालते ना त्यात? तसं. कुणी तुला काही दिलं, तर तूही काहीतरी द्यायचं. आणि तिसरा... तिसरा..." परीनं कपाळ चोळलं. "होता बाई एक. आठवला की सांगेन."

बकुळीनं डोळे पुसले आणि ग्रुप पहिल्यांदाच नीट वाचला. समुद्रकाठच्या रत्नप्रभाकाकूंनी आठ दिवसांपूर्वी विचारलं होतं, "माझ्या लाकडी बाहुल्यांच्या गालांचा रंग तडकतो, कुणी उपाय सांगेल का?" उत्तर कुणीच दिलं नव्हतं. खाली फक्त नऊ गुलाब.

"या काकूंना उपाय मिळू दे," बकुळी म्हणाली. एक दाणा टुणकन उडाला आणि घराच्या दारापाशी जाऊन विझला.

"बस्स? एवढीच जादू?"

"बाबांना विचार जा," परी म्हणाली.

बाबा ट्रंकेत सदरे रचत होते. प्रश्न ऐकताच सदरा बाजूला पडला आणि कितीतरी दिवसांनी त्यांचे डोळे चमकले. "रंगाचा दोष नाही गं, लाकूड ओलं असणार! महिनाभर सावलीत वाळवा म्हणावं, आणि मगच रंगाला हात लावा." बकुळी धावत झाडावर चढली आणि अक्षर न् अक्षर लिहून पाठवलं.

लगेच उत्तर आलं, "बाय माझी, खरंच ओलं होतं गो! आणि तू भोवऱ्याचा निजलेला फोटो काय काढतेस? फिरताना काढ!" बकुळीनं फिरता भोवरा टिपून ग्रुपवर टाकला. फोटोत रंगांचं इंद्रधनुष्य उमटलं! मग तिनं लिहिलं, "काकू, तुम्ही सांगितलं म्हणून आमचा भोवरा जागा झाला. तुमची निळ्या परकराची बाहुली मला सगळ्यात आवडली."

शनिवारी दुसरा दाणा गेला टोपल्या विणणाऱ्या लक्षाकाकांसाठी. त्यांना टाइप करता येत नव्हतं, नुसतेच फोटो टाकायचे बिचारे. ते फोनवर सांगत गेले, बकुळी लिहीत गेली, आणि दुपारपर्यंत ग्रुपमधल्याच कारागिरांनी माल ठेवायला त्यांच्या सहा टोपल्या मागवल्या.

रविवार उजाडला. एकच दाणा उरला. बकुळीनं हळूच डोकं चालवलं.

"परीताई, माझ्या आईच्या नवऱ्याला घरीच राहू दे."

"म्हणजे तुझे बाबाच ना? मोठी शहाणी!" परी इतकी हसली की फांदीवरून पडता पडता वाचली.

तेवढ्यात टिंग! नानांचा गुलाब. बकुळी वैतागून तो पुसणार, तोच तिला पाकळीवर एक मुंगी दिसली. म्हणजे हा फोटो खरा होता, नानांनी स्वतः काढलेला! ती मागे मागे जात राहिली. चार वर्षांचे गुलाब. एकालाही उत्तर नाही. तिला फार वाईट वाटलं. ट्रंक तिकडे भरून झाली होती, दाणा हा शेवटचा, तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "या आजोबांशी कुणीतरी बोलू दे."

दाणा उडाला आणि बकुळीच्याच अंगठ्यावर येऊन बसला. तिनं लिहिलं, "नाना, आजचा पिवळा गुलाब छान होता. त्याच्यावरची मुंगीसुद्धा. तुम्ही रोज पहाटे आमची आठवण काढता, त्याबद्दल आभार."

उत्तर आलं नाही. वाटी रिकामी झाली होती.

सोमवारी पहाटे, बाबा निघायच्या आधी, बकुळी एकदा झाडावर चढली. पाच वाजून पाच मिनिटं झाली, पण गुलाब नाही. सहाला पाच कमी असताना फोन खणखणला.

"बकुळी का? मी नाना! रात्रभर विचार करत होतो काय लिहू, मग म्हटलं बोलावंच!" आवाज आधी हळुवार, मग शिट्टीसारखा कडक झाला. "पोरी, तीस वर्षं खेळाचा मास्तर होतो मी. तुझा तो फिरणारा भोवरा पाहिला. अगं, मुलांना मैदानात खेचायला हेच हवं होतं! माझे विद्यार्थी आता बावीस शाळांचे हेडमास्तर आहेत. सगळ्यांना निरोप गेलाय, आणि माझ्यापुढे नाही म्हणायची अजून एकाचीही छाती नाही. बाबांना दे!"

फोन घेऊन खाली पळावं, तर रेंज जाणार. "बाबाऽ! वर या!" बकुळी ओरडली. एसटी वळणावर आली होती. बाबा हातातल्या ट्रंकेसकट पेरूवर चढले. फांदी करकरली, पेरू टपटपले. गाडीनं दोनदा हॉर्न दिला. बाबा झाडावरून म्हणत होते, "हो गुरुजी, पाचशे? होतील की, गुरुजी!" गाडी निघून गेली. झाडाखाली आई पदरानं डोळे पुसत होती आणि हसतही होती. तोवर ग्रुपवर लक्षाकाकांनी लिहिलं होतं, "भोवरे न्यायला टोपल्या माझ्या!"

सगळे खाली उतरल्यावर बकुळीनं पिठाच्या डब्यातला तो चुकार भोवरा आणला आणि चांदीच्या वाटीत ठेवला.

"परीताई, ही तुझी वाटी. तू मला स्वतःसाठी मागू दिलं नाहीस, त्याबद्दल आभार. नाहीतर नाना मला भेटलेच नसते."

"आठवला!" परी किंचाळली. "तिसरा नियम! आभार मानताना कशाबद्दल तेही सांगायचं. नुसते जोडलेले हात चालायचे नाहीत."

"तो तर मी पाळला की!"

"न सांगता पाळलास, गुणाची गं माझी ती," म्हणत परी भोवऱ्यावर चढली. भोवरा गरगरला, परी गरगरली. लाल, पोपटी, पिवळा, जांभळा झोत उठला, आणि पेरूचं झाड क्षणभर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत उजळून निघालं. मग उरला फक्त फुलांचा वास आणि लांबून आलेली एक बारीकशी शिंक.

आजही पाच वाजून पाच मिनिटांनी नानांचा गुलाब येतो, आणि त्यात आपल्याला काय आवडलं ते चारशे जण एकेक करून लिहितात. बाबा तर रोज पहाटे त्यासाठी कुरकुरत पेरूवर चढतात.

तर मुलांनो, ही गोष्टीची वाटी भरून तुमच्या हाती दिली. परत करताना चिमूटभर साखर तरी घाला.